चेहऱ्यावर सही नको

"हे जेवायचं टेबल आहे की पोस्ट ऑफिस?" नदीन पुटपुटली आणि लिंबाचा केक ठेवायला कोपराने पाकिटं बाजूला सारू लागली.

"ढकलू नकोस, कुणाचं कार्ड कुणाच्या पाकिटात जाईल," व्हर्लिन म्हणाला.

"गेलं तर गेलं. सही तर तीच ना!"

तिचा नवरा व्हर्लिन स्टकी तरुणपणी बेसबॉलच्या मोठ्या लीगमध्ये पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू होता. अजूनही कुठकुठून लोक त्याच्या नावाचं, फोटो छापलेलं बेसबॉलचं कार्ड सहीसाठी पाठवत, सोबत चार ओळी आणि तिकीट लावलेलं परतीचं पाकीट. दर मंगळवारी तो निळ्या पेनाने सह्या करी आणि संघातला जुना सोबती ऑरिन टॅब पाकिटं चिकटवी. केक फुकट खात नाही, असं ऑरिनचं म्हणणं.

कार्डावर टोपी मागे सारून मनमोकळं हसणारा पिचर होता. खाली नाव व्हर्लिनचं, पण माणूस ऑरिन. सराव शिबिरात फोटोवाल्याची फिरकी घ्यायची म्हणून त्याने व्हर्लिनचा शर्ट चढवला होता. कल्पनाही त्याचीच, त्यामुळे तक्रार कुठे करणार? कार्ड छापून आलं तोवर ऑरिनला खालच्या लीगमध्ये धाडलं होतं. तो परत वर आलाच नाही, आणि त्याच्या नावाचं कार्ड कधी निघालं नाही.

हे तिघांनाही ठाऊक होतं. पण विषय जवळ आला की तिघंही हवामानावर बोलत. व्हर्लिन सही करायचा ती मात्र बरोबर चेहऱ्यावरून, कपाळापासून हनुवटीपर्यंत.

"हे वाच गं, अक्षर फार बारीक आहे," त्याने एक पत्र पुढे केलं.

आयोवातल्या कुणा विधवेचं होतं. नदीन मोठ्याने वाचू लागली. "'नवऱ्याची सगळी कार्डं मी वाटून टाकली, हे एक माझ्यासाठी ठेवलं. कृपा करून चेहऱ्यावर सही करू नका, बुटांपाशी करा. इतकं छान हसणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.'"

ऑरिनचे कान लाल झाले. पाकिटाची कड तो चाटत होता, ती चाटतच राहिला.

"पाकीट खातोस का, लेका?" व्हर्लिन म्हणाला.

"बाईंची नजर अधू असणार," ऑरिन म्हणाला. पण कार्ड त्याने उचललं, खिडकीकडे धरलं. नकळत स्वतःची कॉलर नीट केली.

"नजर चांगली आहे बाईची," नदीन म्हणाली. "दात बघ ना कसे आहेत."

"तेव्हा सगळे स्वतःचे होते," ऑरिन बोलून गेला. मग घाईघाईने, "म्हणजे, सगळ्यांचेच असतात. त्या वयात."

नदीनने पावसाचं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

व्हर्लिनने कार्ड त्याच्या हातून घेतलं. पेन बुटांपाशी नेलं. तिथेच थांबला. मग कार्ड ऑरिनच्या बाजूला वळवून त्याच्यापुढे ठेवलं आणि पेन त्याच्या हातात कोंबलं.

"तू कर सही," तो म्हणाला. "यात माझा नुसता शर्ट आहे, ऑरिन. बाकी सगळा तूच आहेस."