डावा चाबूक

अठ्ठावन्न साली दर्यापुरात तंबू टॉकीज आली. पडद्याच्या पुढं पुरुष बसत आणि बायांना पुऱ्या तिकिटात पडद्याच्या मागं बसवत. तिथंच डावखुरी कौशल्या सासूला खेटून बसली होती. पडद्यावरची बाई डाव्या हातात चाबूक घेऊन वीस दरोडेखोरांना फोडून काढत होती. कौशल्या शिट्टी मारता मारता राहिली. घरी तिनं डाव्या हातानं वाढलं की सासू, रुख्मिणीबाई, तिच्या मनगटावर उलथणं हाणायची.

घरी जेवताना नवरा खुशालराव म्हणाला, "लढाई फक्कड होती. पण येवढी वाघीण शेवटी हिरोच्या गळ्यात पडून रडली, थे मले नाई पटलं."

"पन डाव्या हातानं काय हाणलं तिनं!" कौशल्या म्हणाली.

खुशालरावाला ठसका लागला. "येडी होय का वं? पडद्यामागून सारं उलटं दिसते. तिनं उजव्याच हातानं हाणलं."

कौशल्याचा चेहरा उतरला. तिनं वाढायची भाकर गुपचूप उजव्या हातात घेतली.

रुख्मिणीबाईनं उलथणं उचललं आणि लेकाच्या पाठीत घातलं.

"मी का आंधळी हाओ? डावाच होता! वाढ वं कौशल्या, त्याच हातानं."