सतरंजी
जळकोटच्या ख्रिस्ती देवळातली सतरंजी दर रविवारी वीतभर दाराकडं सरकत होती, हे फक्त पाळकसाहेबांच्या ध्यानात आलं नव्हतं. दाराबाहेर धुरपदाबाई बसायची. नवरा निजामाच्या फौजेत वारला, तेव्हापासून गावात शुभकार्याला तिला कुणी उंबरा ओलांडू देईना. इथं सगळे आत बोलवायचे, पण आपली सावली यांच्या लेकरांवर नको म्हणून ती वर्षभर बाहेरूनच भजनं ऐकत होती. मग देवळात सतरंजी अंथरणाऱ्या मार्थाबाईंनी सतरंजीच तिच्याकडं न्यायला सुरुवात केली. आज सतरंजी वर बसलेल्या मंडळींसकट उंबऱ्याला टेकली. “अहो, एवढ्या लांब ओरडून माझा घसा बसला!” उघड्या भुईवर एकटेच उरलेले पाळकसाहेब म्हणाले. मार्थाबाईंनी मागं वळून पाहिलं. “धुरपदाबाई, आता तुमीच ठरवा. न्हायतर पुढच्या रविवारी समदं देऊळ रस्त्यावर यील!” धुरपदाबाईला हसू आवरेना. ती उठली. पदर सावरून म्हणाली, “सरका गं जरा. म्याबी हितलीच.”