राहणार : फिरस्ते

स्वप्नालीने घड्याळ पाहिलं. पाच वाजून गेले होते. इंदापूरच्या तहसील कचेरीतली जुन्या कागदांची खोली सव्वासहाला बंद होणार होती आणि उद्या पुण्यात जात पडताळणी समितीपुढे शेवटची तारीख होती. कागद नसेल तर बारामतीतली तिची नर्सिंगची जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार.

समितीला एवढंच हवं होतं: १९६१च्या आधीचा एक कागद, ज्यावर तिच्या घरातल्या कुणाची तरी जात लिहिलेली असेल. शाळेचा दाखलाही चालला असता. पण शेजारी बसलेले तिचे आजोबा, आप्पा, शाळेची पायरी चढलेच नव्हते. वर्षातले आठ महिने ते कळपामागे चालत असत. म्हणून ती गावच्या कोतवालाने जातीसकट लिहिलेल्या जुन्या जन्ममृत्यूच्या वह्या धुंडाळत होती. आप्पांचा जन्म डाळजच्या ओढ्याकाठी झाला, एवढं घरात माहीत होतं. साल कुणालाच माहीत नव्हतं.

कारकून रणजितने जन्मांची तिसरी वही मिटली. "आजोबा, जन्मभर मेंढरं मोजली, सालं नाही मोजली?"

"मेंढरं मोजावी लागत्यात," आप्पा म्हणाले. "सालं काय, आपुआप जात्यात."

रणजित हसला. स्वप्नालीला हसू आलं नाही. तिने समितीचं पत्र पुन्हा उघडलं. वडिलांकडचा कोणताही रक्ताचा नातेवाईक, असं त्यात होतं. तिने आप्पांना भाऊबहिणींचं विचारलं. कुणी न्हाय, ते म्हणाले, आणि हे तिलाही ठाऊक होतं. तरी तिने वेगळ्या तऱ्हेने विचारलं. जन्मून गेलेलं कुणी?

आप्पा पटक्याचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिले.

"एक व्हती. तीन दिसांची."

मग थोडं थोडं निघालं. बाप पुरायला गेला तर गावाने हटकलं, आमच्या हद्दीत न विचारता माती उकरता कशी? कोतवाल आला. त्याने बापाचं नाव विचारलं, लिहून घेतलं, मग उकरू दिलं. कळप दुसऱ्या दिवशी पुढे निघाला.

"तुमी केवढे होता तवा?"

"कोकरू उचलीत व्हतो. मोठं मेंढरू न्हाय उचलत."

सहासात वर्षांचे, तिने धरलं. आधार कार्डावर आप्पांचं जन्मसाल अंदाजाने १९४९ होतं. दोन्हीकडे दोन वर्षं सोडली. कळप दिवाळीनंतर कोकणात उतरे आणि पावसाच्या तोंडावर डाळजला परते. म्हणजे १९५३ ते ५८, आणि दर सालाचे मे-जून हे दोनच महिने. तिने हे रणजितला सांगितलं. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि मृत्यूंची वही ओढली.

१९५६च्या जूनमध्ये ती ओळ सापडली. पान कडेने वाळवीने खाल्लं होतं, पण ओळ शाबूत होती. स्त्री जात मूल, वय तीन दिवस. बाप बिरा मारुती कोळेकर. जात धनगर. राहणार फिरस्ते. नावाच्या रकान्यात आडवी रेघ.

स्वप्नालीने ती दोनदा वाचली, दुसऱ्यांदा मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून. मग ती गठ्ठ्यांवरच बसली. रणजित नक्कल उतरून घेऊ लागला. तासाभरात सही-शिक्का होईल, साहेब अजून आत आहेत, म्हणाला.

आप्पांनी कुठं लिवलंय म्हणून विचारलं. त्यांना वाचता येत नव्हतं. स्वप्नालीने त्यांचं बोट धरून ओळीवर टेकवलं. रणजितचा हात मध्येच थांबला. त्या बोटाखाली त्याला उतरायचे पुढचे शब्द होते. त्याने वही मागितली नाही.

"जगली आसती," आप्पा म्हणाले, "तर माज्यावानी कुठंच घावली नसती."