पाव फेऱ्याची ढील

बशीत कप किणकिणला आणि दुपारची शांतता मोडली. तिने चटकन आतल्या खोलीकडे पाहिलं. लेकीने झोपेतच कूस बदलली आणि ती पुन्हा गाढ झोपली.

"हळू हो बाबा. आत्ताच डोळा लागलाय तिचा."

"मी काय करू? तुझ्या बशीलाच बैठक नाही," सासरे म्हणाले. "लेथच्या चकवर धरून सरळ करून घे एकदा."

अर्धा कप चहा त्यांनी उभ्याउभ्याच संपवला. नेहमीचं पुसायचं फडकं मुठीत घोळवत चपला सरकवल्या आणि वाचनालयाची वाट धरली. आता दोन तास घर तिचं होतं.

ती तडक मागच्या खोलीत गेली. तिथे लेथ होतं, धातूचा दांडा फिरवत कातायचं यंत्र. सासऱ्यांचा उभा जन्म टर्नर म्हणून गेलेला. निवृत्त झाल्यावर कारखान्यातून मोडीत निघालेलं हे लहानसं लेथ त्यांनी हौसेने घरी आणलं होतं. लग्न होऊन ती आली तेव्हा तिला पान्हा कुठला नि पक्कड कुठली हेही कळत नव्हतं. शिकवलं ते त्यांनीच. मायक्रोमीटर तिच्या हातात देऊन म्हणायचे, "तू वाच, नजर बसू दे." कापणाऱ्या टूलचे बारीक स्क्रू आवळायचे असले की, "तूच आवळ, हात बसू दे." गेली दोन वर्षं तर हे दोन्ही तिच्याकडेच होतं. पोटच्या पोराला त्यांनी या मशीनला बोट लावू दिलं नव्हतं. ती मनातून फुलून जायची.

नियम मात्र एकच, आणि तो कडक. कट चालू असताना, टूल आतबाहेर सरकवणाऱ्या हँडलवरचा हात काढायचा नाही. "मशीनची नाडी असते ती," ते म्हणत. "वैद्याने नाडी सोडून चालेल?"

लेथमध्ये खोटही एकच होती. टूल धरणाऱ्या आडव्या स्लाइडचा नट झिजला होता. हँडल पाव फेरा नुसतंच फिरायचं, मग कुठे टूल पुढे सरकायचं; सासऱ्यांच्या हाताखाली तर ते सारखं गदगदायचं. नवा नट करू का, असं तिने तीनदा विचारलं. तिन्ही वेळा ते हसले.

"राहू दे गं ढील. म्हातारं झालंय ते. म्हातारपणी सैल कपडेच बरे."

तिने त्याचा अर्थ काढला तो असा, की सुनेला नट जमणार नाही, असं त्यांना वाटतंय.

म्हणून तीन महिने, लेक झोपली आणि ते बाहेर पडले की, ती कामाला लागायची. नटाचे आटे उलटे होते. तसे आटे पाडायचा टॅप बाजारात मिळेना. तिने तोही घरीच कातला, गॅसवर लालबुंद केला आणि जुन्या कढईतल्या तेलात विझवला. संध्याकाळी नवरा नाक वर करून म्हणाला, "आज जेवायला लोखंड आहे का?" गनमेटलचे दोन तुकडे वाया गेले. तिसऱ्यातून नट उतरला, तोही जुन्यापेक्षा सरस: दोन भागांचा, पुढेमागे झिजला तर एक स्क्रू आवळून ढील काढून टाकता येईल असा.

आज तो बसवायचा होता. बसवून तिने हँडलला करंगळी लावली. टूल लगेच सरकलं. केसाइतकीही ढील उरली नव्हती. तिला एकटीलाच हसू आलं.

सासरे परतले तेव्हा लेकही उठून बसली होती.

"आजोबा, चला. आईने गंमत केलीय. हँडल आता मुळीच गदगदत नाही."

त्यांनी हँडल धरलं. पुढे, मागे. पुन्हा पुढे, मागे. मग जुना नट उचलून बराच वेळ मुठीत धरून ठेवला.

"टॅपसुद्धा तूच केलास?"

"हो बाबा."

"जमलं," ते म्हणाले.

एवढंच. पण उभ्या नोकरीत हा शब्द त्यांनी दोनच कारागिरांना दिला होता. तिला तिसरी व्हायचं होतं, आणि ती झाली होती. तिचे डोळे भरून आले.

"पहिला कट तुम्हीच घ्या."

"छे. नट तुझा, कट तुझा."

"असं कसं? मान तुमचा."

"चष्मा नाही माझ्याकडे."

"कपाळावर आहे, आजोबा," नात म्हणाली आणि स्टूल दूर ओढून त्यावर चढून बसली. "करा ना."

आता सुटका नव्हती. त्यांनी फडकं बाजूला ठेवलं. तिने चकमध्ये लोखंडी दांडा बसवला आणि लेथ सुरू झालं. डाव्या हाताने ते टूल दांड्यावरून सरकवत राहिले. उजवा हात, नियमाप्रमाणे, हँडलवर.

लेथ थांबलं. दांडा आरशासारखा निघायला हवा होता. त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत बारीक लाटा उठल्या होत्या.

तिने घाईने टूल तपासलं. घट्ट होतं. नट तपासला. तो तर जागचा हलत नव्हता. सासऱ्यांनी हँडलवरचा हात अजून काढला नव्हता.

लेक स्टुलावरून बघत होती.

"आई, हँडल गदगदायचं थांबलं ना? मग त्याच्यावरचा आजोबांचा हात कशाने हलतोय?"