फिकट गुलाबी

बंदरावरचा लाल दिवा कुठला आणि हिरवा कुठला, हे धनेशला काही केल्या ओळखता येत नसे. "ह्याला सुकाणू दिलं त आपलं काय खरं न्हाय," म्हणत बापाने त्याला बोटीवरून उतरवलं आणि अलिबागला कॉलेजात घातलं. त्याने घेतली केमिस्ट्री.

तिथे प्रॅक्टिकलला ब्युरेटचा नळ थेंबथेंब सोडायचा आणि खालच्या फ्लास्कमधलं द्रावण फिकट गुलाबी झालं की थांबायचं. धनेशला ती गुलाबी छटा दिसायचीच नाही. शेजारी उभी असलेली अमिषा हळूच "बस" म्हणायची, की तो नळ बंद करायचा. वर्षभर असंच निभावलं.

परीक्षेत बोलायला बंदी होती. धनेशने नळ सोडला आणि फ्लास्ककडे न बघता अमिषाकडे बघत राहिला. तिने जराशी मान हलवली, तसा त्याने नळ बंद केला.

परीक्षकांनी त्याचा फ्लास्क उजेडात धरला. "वा! हवा तेवढाच गुलाबी."

मग त्यांनी अमिषाचा उचलला. तो पार भडक झाला होता.



"अगं, लक्ष कुठे होतं तुझं?"