सड्यावरची कलमं

बागेत ये-जा करायला घेतलेल्या एटीव्हीची, त्या जाड चाकांच्या उघड्या गाडीची, तेजस्वी दर रविवारी अंगणात निगा राखायची. त्या सकाळी तिने साखळीवरची तांबडी माती घासून काढली, तेल सोडलं, चाकांच्या सांध्यांत ग्रीस भरलं.

ओटीवर पाय लांब करून बसलेल्या सासूने, सखूने, विचारलं, "सड्यावर चढते काय गो ही?"

"रोज चढते की, आई."

"मला घेवन चढंल?"

तेजस्वीने हात पुसले. ब्रेक पुन्हा एकदा दाबून पाहिला, सासूला मागे बसवलं आणि कातळाच्या वाटेने गाडी हळूहळू वर सड्याच्या पठारावर नेली.

वर आंब्याची सगळी कलमं मोहराने भरून गेली होती. मधमाश्यांच्या आवाजाने बाग घुमत होती. सखू मान वर करून नुसती बघत राहिली.

ही कलमं तिनेच लावली होती, खालून डोक्यावर पाणी वाहून जगवली होती. पहिला मोहर यायच्या आधीच ती ह्या वाटेवर पडली आणि पायाने अधू झाली. त्यानंतर ती कधी वर आली नाही; घरी यायचे ते फक्त आंबे.

ती हळूच म्हणाली, "ह्या कलमांना पाणी घालताना मला वाकायला लागायचा गो."