पट्ट्यांआडचा चेहरा

“काका, उद्या तुमच्या पट्ट्या सोडायच्या,” दिग्दर्शक म्हणाला, आणि काकांना आनंदानं सेटवरच्या इस्पितळाच्या पलंगावरून उठवेना.

सगळी हयात पडद्यावर गेली, पण चेहरा काही कुणाला दिसला नाही. कुठे अस्वलाच्या कातड्यात, कुठे नायकाच्या जागी पाठमोरे, कुठे नुसते पत्र फाडणारे हात. सासरची माणसं म्हणायची, “आमचे जावई सिनेमात असतात म्हणे. असतील बापडे!” बायको हसून साजरं करायची, पण तिला लागायचंच.

या मालिकेत नायिकेच्या वडिलांचं काम करणारा नट भांडून निघून गेला. मग काय, गोष्टीत वडिलांना अपघात झाला आणि डोक्या-चेहऱ्याला पट्ट्या गुंडाळून त्यांच्या जागी काकांना झोपवलं. काकांनी तेही जीव ओतून केलं. लेक रडली की श्वास अडखळवायचे, करंगळी हलवायचे, कॅमेरा भलतीकडे असला तरी. पट्ट्या सुटल्या की वडिलांचं काम आपलंच, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. विचारायची मात्र छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी काका दाढी घोटून वेळेआधीच हजर. मेकअपवाला फिरकेना, तेव्हा त्यांनीच हाक मारली.

“तुम्हाला हात लावायचा नाही, असं वरून सांगितलंय,” तो म्हणाला. “आहात तसेच पाहिजेत.”

काकांचा ऊर भरून आला. उशिरा का होईना, कुणीतरी पारखलं म्हणायचं.

नायिका आलीच नव्हती. तिचं नंतर वेगळं घेणार होते, नेहमीसारखं. काकांनी डोळे उघडले, कॅमेऱ्यालाच लेक समजून मनापासून हसले आणि म्हणाले, “पोरी, मी आलो गं.” पाणी आलं ते ग्लिसरीनशिवाय.

“कट! फर्स्टक्लास, काका!” दिग्दर्शकानं पाठ थोपटली. “निघालात तरी चालेल.”

भाग लागायचा त्या संध्याकाळी बायकोनं भाऊ-भावजया, शेजारीपाजारी, सगळी फौज घरी गोळा केली. काकांना मधोमध बसवलं.

“भावोजी, आज तरी दिसणार ना?” मेव्हणा म्हणाला. “का पुन्हा अस्वलच?”

“गप रे! डोळे फाडून बघ आता,” बायको म्हणाली.

टीव्हीवर पट्ट्या उलगडल्या. पडदाभर काकांचा चेहरा आला, हसला, बोलला. खोलीत टाळ्यांचा कडकडाट झाला. बायकोनं चारचौघांत काकांचा हात घट्ट धरला.

मग नायिका दिसली. तिनं किंकाळी फोडली आणि पाठ फिरवली.

“डॉक्टर, अपघातानं बाबांच्या चेहऱ्याचं हे काय होऊन बसलंय! झाका तो आधी, मला नाही बघवत!”